नवीन तांब्याचं अर्कयंत्र: पहिला अर्क काढण्याआधी आतून कसं साफ करायचं

नवीन भांडं घरी येतं, चकचकीत दिसतं, आणि लगेच पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या टाकाव्याशा वाटतात. टाकू नका. मी टाकल्या होत्या, देशी गुलाबाच्या दीड किलो पाकळ्या, पहाटे तोडलेल्या, आणि दोन तासांनी जे पाणी हातात आलं त्याला मशीनच्या तेलाचा वास होता. भांडं आतून घासलं होतं, झाकण घासलं होतं, दोनदा उकळत्या पाण्याने विसळलंही होतं, पण वाफ ज्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून, जाते तिच्या आत काय आहे ते बघितलंच नव्हतं कारण तिथे हात जात नाही. त्या गुलाबांचं अजून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं नीट लिहितोय, जे यंदा पहिल्यांदाच भांडं करून घेताहेत त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट. हे सगळं गुलाबपाणी, वाळ्याचा अर्क, तुळस, गवती चहाचं तेल असल्या कामासाठी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यासाठी गाळायचं सामान बाळगणं सुद्धा. गोव्यात फेणी गाळायचं भांडं, भाण, ते पण आता बहुधा तांब्याचंच असतं, पण तिथेही परवाना लागतोच. त्यामुळे भांडं कशासाठी आहे ते घरच्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, अंगणात ते चुलीवर चढलं की लोक विचारतातच.

आता भाग समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. खाली मुख्य भांडं, माझं २० लिटरचं आहे. त्यावर घुमटासारखं झाकण. झाकणातून निघणारी नळी, ती पुढे पाण्याच्या ड्रममध्ये बुडवलेल्या कॉइलला जोडलेली, आणि कॉइलचं खालचं टोक ड्रमच्या बाहेर, तिथून थेंब थेंब अर्क येतो. वाफ या सगळ्याला आतून स्पर्श करत जाते आणि जे काही सुटं असेल ते धुऊन बाटलीत आणते. मुख्य भांड्यातली घाण बरीचशी भांड्यातच राहते, कारण ती उडून वर येत नाही. झाकण, नळी आणि कॉइलमधली घाण मात्र थेट अर्कात. म्हणजे जिथे हात पोचतो तिथे सफाईची गरज कमी आणि जिथे पोचत नाही तिथे जास्त, आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो.

घाण म्हणजे नक्की काय असतं तेही बघा. तांब्याच्या पत्र्यावर आणि पाइपवर कारखान्यातून येतानाच तेलाचा पातळ थर असू शकतो. मग कारागीर पत्रा तापवतो, ठोकतो, परत तापवतो, त्याने काळा थर धरतो, तो म्हणजे तांब्याचा ऑक्साइड, हात लावला की काळी भुकटी निघते. जोडकामासाठी नवसागर, टाकणखार किंवा झिंक क्लोराइडचा फ्लक्स, म्हणजे जोड नीट धरावा म्हणून लावतात तो पदार्थ, वापरलेला असतो, तो सांध्यांच्या कडेला चिकटून राहतो, टाकणखार असेल तर अगदी काचेसारखा कडक. आतून पॉलिश मारलं असेल तर त्या मेणकट पेस्टचे अंश. आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती: पाइप वाकवून कॉइल करताना तो चेपू नये म्हणून बरेच कारागीर आत बारीक वाळू ठासून भरतात. काम झाल्यावर ती झटकून काढतात पण सगळी निघत नाही, तेलाला चिकटून वेटोळ्यात बसते. काही जण वाळूऐवजी मीठ भरतात, ते बरं, पाण्यात विरघळून जातं. ऑर्डर देतानाच विचारून घ्या काय भरणार आहात म्हणून.

साफ करण्याआधी: सांधे कशाने जोडलेत

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि यात चालढकल करू नका. सोल्डर, ज्याला जुने कारागीर डाख म्हणतात, त्यात शिसं असू शकतं. बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तारेवर ६०/४० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. असला सांधा अर्काच्या रस्त्यात असेल तर कितीही धुवा, व्हिनेगरमध्ये उकळा, शिसं जाणार नाही, कारण ती वरून बसलेली घाण नाही, सांधाच शिशाचा आहे. उलट आंबट वाफेने ते थोडं थोडं सुटत राहील. कारागिराला वापरलेल्या तारेचं रीळ किंवा पाकीट दाखवायला सांगा, शिसंविरहित लिहिलेलं असेल तर ठीक, पितळी झाळ किंवा एसी-फ्रिजवाले तांब्याचे पाइप जोडायला वापरतात ती फॉस्फरसवाली तांब्याची कांडी असेल तरी चालेल. चांदीची झाळ केली असेल तर कांडी कॅडमियमविरहित होती ना तेवढं विचारा, जुन्या प्रकारच्या काही कांड्यांत कॅडमियम असतं. उत्तर मिळालं नाही किंवा "काही होत नाही हो" एवढंच मिळालं तर सांधा उघडून परत करून घ्या. मी माझ्या कॉइलचे दोन्ही सांधे परत करून घेतले, खर्च झाला, पण हे पाणी घरातली लहान मुलं चेहऱ्याला लावणार होती आणि आई सरबतात घालणार होती.

कल्हईचं पण विचारतात लोक. आपल्याकडे ताक, आमटी, चिंचेचं काही बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं की कळकतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून अर्कयंत्राला पण कल्हई लावावी असं वाटतं. माझं मत, लावू नका. भांड्यात उरतं ते आपण खात नाही, आणि पाकळ्या-पानं उकळताना जो गंधकाचा उग्र वास येतो तो पकडून ठेवण्याचं काम उघडं तांबंच करतं, कथलाखाली झाकलं गेलं तर ते होत नाही. शिवाय कथील २३२ अंशांना वितळतं, भांडं चुकून कोरडं पडलं तर कल्हई खाली ओघळते. आधीच लावून घेतली असेल तर काढायची गरज नाही, फक्त पुढची व्हिनेगरची पायरी छोटी ठेवा.

मग भांड्यात साधं गार पाणी भरून तासभर ठेवा, खाली कोरडा कागद ठेवा, गळती असेल तर कागद सांगेल. कॉइलच्या एका टोकाने फुंकून बघा, दुसऱ्या टोकाला हात धरा, हवा मोकळी यायला पाहिजे. अडकत असेल तर पुढे जाऊच नका. कॉइल चोंदलेली असताना खाली जाळ लावला तर वाफेला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि झाकण उडून उकळतं पाणी अंगावर येतं. याच कारणासाठी झाकण कधी क्लॅम्पने आवळू नका, वर दगड ठेवू नका. जुनी पद्धत आहे कणकेचा लेप लावायची, घट्टसर भिजवलेली कणीक झाकणाच्या कडेने दाबून लावायची, ती वाफ अडवते आणि दाब वाढला तर तीच आधी फाटते, म्हणजे सुरक्षा पण झाली. तिथे एम-सील किंवा सिलिकॉनची ट्यूब लावू नका, आणि नळीच्या जोडाला रबर किंवा पीव्हीसीचा तुकडा पण नको, गरम वाफेत त्यांचा वास उतरतो आणि तो मग कशानेच जात नाही. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप चालते.

साबण आणि सोडा

पहिली धुलाई तेलासाठी, आंबट नंतर. हा क्रम उलटा केला तर तेलाच्या थराखाली आंबट पोचतच नाही, काळे डाग तसेच राहतात.

भांडं आणि झाकण कडकडीत पाणी आणि भांड्याच्या साध्या लिक्विडने मऊ स्पंजने धुवा. तारेची घासणी नको, आतून ओरखडे पडतात आणि पुढे त्याच ओरखड्यांत कळंक धरतो. पितांबरी किंवा तसली पावडर बाहेरून खुशाल वापरा, आतून नको, बारीक कण मठारलेल्या खळग्यांत राहतात. हातोडीने मठारलेलं भांडं असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा, पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत करतात तसं, दिसायला फार देखणं आणि पत्र्याला मजबुती येते, पण प्रत्येक खळग्यात बोट फिरवून बघावं लागतं. सांध्याच्या कडेला टाकणखाराचे काचेसारखे तुकडे असतील तर ते खरवडू नका, उकळतं पाणी भरून तासभर ठेवा, विरघळायला वेळ घेतात पण विरघळतात, एकदा नाही झालं तर दोनदा.

आता कॉइल. पाच लिटर उकळत्या पाण्यात साधारण पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवा, खायचा सोडा नाही, धुण्याचा. हातमोजे आणि चष्मा घाला. कॉइलचं खालचं टोक बूच मारून बंद करा, वरच्या टोकाला नरसाळं लावून हळूहळू ओता, मध्ये मध्ये कॉइल हलवा नाहीतर हवा अडकते आणि अर्धी वेटोळी कोरडीच राहतात. अर्धा तास तसंच ठेवा, मग बूच काढा आणि पांढऱ्या बादलीत सोडा. पांढरीच बादली घ्या, म्हणजे काय निघतंय ते दिसतं. माझ्या कॉइलमधून पहिल्यांदा राखाडी पाणी आलं, वर तेलाची रंगीत तवंग आणि तळाला चमचाभर वाळू. मग बागेचा पाइप जोडून जोरात पाणी सोडा, आधी वरून खाली, मग टोकं बदलून खालून वर, वाळू एका दिशेने अडकते ती दुसऱ्या दिशेने सुटते. परत सोडा, परत पाइप. मला हे चार वेळा करावं लागलं, तुम्हाला दोनदा पुरेल कदाचित, बादलीत तवंग आणि कण दोन्ही दिसेनासे होईपर्यंत करायचं एवढंच.

दोऱ्याला चिंधी बांधून कॉइलमधून ओढायचा प्रयत्न करू नका. सरळ नळीत जमतं, पण सात-आठ वेटोळी असली की प्रत्येक वळणावर दोरा घासतो, ताण वाढत जातो, चिंधी मध्येच अडकते आणि मग कॉइल कापावी लागते. कॉस्टिक सोडा पण नको, तो कथलाच्या सांध्यांना खातो आणि एक थेंब डोळ्यात उडाला तर कायमची इजा होते, धुण्याच्या सोड्याने आपलं काम होतं.

व्हिनेगरची वाफ

लोक म्हणतात लिंबू लावा, चिंच लावा, आमच्याकडे कोकणात आमसुलाने तांब्या-पितळ घासतात, आणि भांड्याच्या आतल्या काळ्या थरासाठी हे सगळं चांगलंच आहे. आमसुलं कोमट पाण्यात भिजवून त्या लगद्याने आतून चोळा, काळं जाऊन खालचं गुलाबी तांबं दिसायला लागतं, मग धुऊन टाका. पण लिंबातलं सायट्रिक ॲसिड किंवा चिंचेतलं आम्ल वाफेबरोबर उडत नाही. भांड्यात राहतं. नळीत आणि कॉइलमध्ये पोचतच नाही. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड ११८ अंशांना उकळतं, पाण्याच्या बरंच जवळ, त्यामुळे पाण्याच्या वाफेबरोबर ते पण थोडं थोडं वर जातं आणि जिथे आपला हात जात नाही तो सगळा रस्ता आतून धुऊन काढतं. म्हणून पैसे खर्च करून व्हिनेगरच.

२० लिटरच्या भांड्याला मी ६ लिटर पाणी आणि २ लिटर पांढरं व्हिनेगर घेतो, किराणा दुकानात मिळतं तेच, साधारण ४ टक्क्यांचं. झाकण बसवा, कणीक लावा, आणि हे अंगणात किंवा पडवीत करा, बंद स्वयंपाकघरात वाफेने डोळे झोंबतात, खोकला येतो. आधी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं लिक्विड कुठे वापरलं असेल तर ते पूर्ण धुतलं गेलंय याची खात्री करा, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, तो विषारी आहे. तांब्याला मुळात ब्लीच लावायचंच नाही.

सुरुवातीला ड्रममध्ये गार पाणी भरू नका. कॉइल कोरडी राहू दे म्हणजे वाफ शेवटपर्यंत वाफच राहते आणि गरम आंबट वाफ पूर्ण रस्ता भाजून काढते. खालच्या टोकातून वाफ फुसफुसायला लागली की दहा-पंधरा मिनिटं तशीच जाऊ द्या, समोर उभं राहू नका, हात तर नकोच, भाजतं. मग जाळ बारीक करा आणि ड्रममध्ये पाणी सोडा, हळूहळू, खालून. आता थेंब यायला लागतील. पहिलं पाणी निळसर-हिरवट आलं तर घाबरू नका, ते येणारच, कॉइलमधला ऑक्साइड विरघळून बाहेर येतोय. दीड-दोन लिटर जमेपर्यंत चालू ठेवा, शेवटी शेवटी पाणी स्वच्छ दिसायला लागतं. दिसलं नाही तर ताजं व्हिनेगर भरून परत एकदा. आणि भांड्यातलं पाणी कधीच पूर्ण संपू देऊ नका, कोरडं पडलेलं भांडं बघता बघता दोनशे अंशांच्या वर जातं आणि कथलाचे सांधे सुटतात.

झाल्यावर लगेच ओतून टाका. रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवायचा सल्ला पण मिळतो, तो ऐकू नका, पितळेचे नट किंवा कॉक असतील तर त्यातलं जस्त सुटतं आणि पितळ गुलाबी पडतं, गुलाबी दिसलं म्हणजे साफ झालं असं वाटतं पण ते झिजलेलं असतं.

हे निळं पाणी विहिरीजवळ, तळ्यात, माशांच्या टाकीजवळ किंवा कुंडीत टाकू नका, तांबं माशांना आणि झाडांच्या मुळांना मारतं. ज्यांच्याकडे सुपारीची बाग आहे त्यांना बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण माहीत आहेच, मोरचूद आणि चुना, तोच प्रकार इथे होतो, बादलीत थोडा चुना घाला, तांबं निळसर गाळ होऊन तळाला बसतं, तो गाळ वेगळा काढून कचऱ्यात द्या.

साध्या पाण्याची फेरी, आणि मग एक फेरी फेकायची

व्हिनेगरचा अंश आत राहिला आणि वाळला की तांब्यावर हिरवा कळंक धरतो, म्हणजे साफ करता करता नवीन घाण तयार. म्हणून त्याच दिवशी, भांडं गरम असतानाच, साधं पाणी भरून तशीच फेरी करा. बोअरचं जड पाणी असेल तर फिल्टरचं घ्या. यात गार पाण्याचा ड्रम पहिल्यापासून चालू.

जे पाणी येईल ते चार वेगवेगळ्या काचेच्या ग्लासांत घ्या, पाव पाव लिटर, आणि झाकून गार होऊ द्या. गरम असताना वास कळत नाही. गार झाल्यावर एकेकाचा वास घ्या, शेजारी साध्या पाण्याचा ग्लास ठेवा तुलनेला. चव घेऊ नका अजिबात. ग्लास तिरका करून खिडकीच्या उजेडात बघा, तवंग आहे का. मग स्वच्छ आरशावर चार थेंब टाकून वाळू द्या, वाफेचं पाणी खरंच स्वच्छ असेल तर वाळल्यावर डाग उरत नाही, डाग उरला तर अजून काहीतरी निघतंय. पहिल्या ग्लासात वास आणि चौथ्यात नाही, असं झालं तर अजून एक फेरी पुरेल. चारही ग्लासात तेलाचा वास असेल तर मागे जा, कॉइलला परत सोडा, व्हिनेगरने तेल जात नाही.

यानंतर पण लगेच गुलाब नाही. एक फेरी गवती चहाची करा, अंगणात असतोच, नाहीतर बाजारात स्वस्त मिळतो, दोन जुड्या कापून टाका. वनस्पतीतून जे सुगंधी तेल निघतं ते साध्या पाण्याला न सुटलेली मेणकट, तेलकट घाण पण विरघळवतं, म्हणून पाण्याच्या फेरीत पास झालेलं भांडं या फेरीत नापास होऊ शकतं. माझं झालं होतं, पाणी अगदी बिनवासाचं आलं आणि गवती चहाच्या अर्काला मागून हलका पॉलिशचा वास. हा अर्क कितीही छान वाटला तरी वापरायचा नाही. फरशी पुसायला पण नको, नुसता टाकून द्या. दुसऱ्यांदा गवती चहा, त्यात फक्त गवती चहाचाच वास आला, आणि मग तिसऱ्या दिवशी पहाटे गुलाब.

वाळवणं

भांडं साध्या पाण्याने विसळून सुती फडक्याने पुसा आणि उलटं न घालता उताणं, झाकण काढून, वाऱ्यावर ठेवा. कॉइल दोन्ही टोकांनी मोकळी, उभी टांगा म्हणजे पाणी निथळून जाईल, सायकलच्या पंपाने हवा मारली तर अजून चांगलं, फक्त पंपाच्या तोंडाला तेल नाही ना बघा. पावसाळ्यात कोकणात काहीच धड वाळत नाही तेव्हा मी चुलीजवळ ठेवतो रात्रभर. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावून माळ्यावर टाकू नका.

काही दिवसांनी आतून तांबं तपकिरी, काळपट होईल. ते होऊ द्या, तो पातळ थर घट्ट बसलेला असतो आणि अर्काला काही करत नाही, दर वेळी आतून चकचकीत करायची गरज नाही. हिरवा किंवा निळा ठिपका दिसला तर मात्र तो भाग आमसुलाने चोळून, परत अर्ध्या व्हिनेगरची छोटी फेरी आणि एक साध्या पाण्याची फेरी करायची. महिनाभर पडून राहिलेल्या भांड्याला ठिपका नसला तरी मी गुलाबाआधी साध्या पाण्याचा एक लिटर काढून फेकतो, आणि कॉइलमध्ये फुंकून बघतो, कारण मागच्या वर्षी टोकाला कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं.